पहिल्याच वर्षी वायडी (इयर डाउन) लागलेल्यांचे पुढे काय होते?

आल्याचे वाफे

निकालांचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडे ओळखीपाळखीतली दोन-तीन मुले हमखास येतात, कारण अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला सपशेल नापास होऊन पुढे बरे चाललेला माणूस म्हणून आमच्या भावकीत माझे नाव पक्के झालेले आहे. त्यांना तुकड्यातुकड्यांत जे सांगतो, ते एकदा सलग लिहावे आणि इतरांचे अनुभवही एका जागी यावेत, म्हणून हा धागा.

मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. 2003 साली दहावीला 84 टक्के मिळाले, तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर माझे नाव पावसाने पुसेपर्यंत राहिले. बारावी 2005 साली कशीबशी निभावली, सीईटीच्या गुणांवर पुण्याबाहेरच्या एका खासगी महाविद्यालयात मेकॅनिकलला प्रवेश मिळाला, आणि 2006 च्या उन्हाळ्यात पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा पाच विषय राहिले होते: गणिताचे दोन्ही पेपर, मेकॅनिक्स, ग्राफिक्स आणि बेसिक इलेक्ट्रिकल. एटीकेटीच्या (काही विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाऊ देणाऱ्या सवलतीच्या) मर्यादेत इतके विषय बसत नव्हते, त्यामुळे वर्ष गेले. पुण्यातली मुले म्हणतात तसा मला वायडी लागला.

वसतिगृहाची खोली सोडून मी गावी आलो. वडिलांनी त्या दिवशी एक शब्द विचारला नाही. नुकत्याच केलेल्या आल्याच्या लागणीला पाणी सोडायचे होते, त्यांनी फावडे माझ्या हातात दिले. त्यांचा तो अबोला मला बोलण्यापेक्षा जड गेला, हे खरे. पण त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तर काय बोलले असते याची कल्पना शेजारच्या घरांतून ऐकू येणाऱ्या आवाजांवरून येत होती.

आमच्या आळीत एक निवृत्त गणित शिक्षक राहत. जुलैत एके संध्याकाळी त्यांनी मला ओसरीवर बोलावून घेतले, राहिलेल्या विषयांची नावेही विचारली नाहीत, फक्त म्हणाले, "तुमच्या पुस्तकातले कुठलेही एक उदाहरण माझ्यासमोर सोडव." मी पार्शल फ्रॅक्शनचे उदाहरण घेतले. तीन-चार पायऱ्यांनंतर अंशात 'एक्स अधिक तीन' आणि छेदात 'एक्स अधिक पाच' अशी राशी आली. मी दोन्हीकडचे एक्स झटक्यात खोडले आणि तीन पंचमांश लिहून पुढे निघालो. गुरुजींनी माझे मनगट धरले. "एक्सच्या जागी एक ठेव." मी ठेवला: चार भागिले सहा, म्हणजे दोन तृतीयांश. "मग तुझे तीन पंचमांश कुठून आले?"

मला उत्तर देता येईना. बारावी पास झालो होतो, सीईटी देऊन आलो होतो, अवकलनाची सूत्रे झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवली असती, आणि बेरजेतले पद खोडता येत नाही, गुणाकारातला अवयवच खोडता येतो, हे शाळेतले साधे वाक्य माझ्यापाशी नव्हते. म्हणजे पाठ होते, पण का ते कधी कळलेले नव्हते. दहावीपर्यंतची उदाहरणे ठरावीक साच्याची असल्यामुळे या चुकीने तिथे फारसे नुकसान केले नव्हते. नुकसानीचा हिशेब तीन वर्षांनी एकदम समोर आला.

दुसरी गोष्ट भाषेची. वर्गात प्राध्यापक 'कोएफिशंट' हा शब्द दर दोन मिनिटांनी वापरत आणि तो म्हणजे आमच्या पुस्तकातला 'सहगुणक' हे मला पहिल्या सत्राच्या अखेरीस कळले. कोणाला विचारले असते तर एका क्षणात सुटला असता असा हा प्रश्न होता. परंतु दहावीला 84 टक्के मिळवलेल्या मुलाला असला प्रश्न विचारायची लाज वाटते, आणि अशा न विचारलेल्या प्रश्नांची संख्या दिवाळीपर्यंत शेकड्यात जाते.

गुरुजींनी मला आठवीच्या बीजगणितापासून सुरुवात करायला लावली. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे उदाहरणाची पायरी लिहायची आणि उजवीकडे ती पायरी का घेतली याचे कारण मराठी वाक्यात लिहायचे, एवढी एकच अट होती. उजवी बाजू कोरी राहिली की ते उदाहरण सुटलेले असले तरी चुकीचे धरायचे. आठवी, नववी आणि दहावी संपायला गणपती येऊन गेले, अकरावी-बारावी दिवाळीपर्यंत गेली. नोव्हेंबरच्या परीक्षेत तीन विषय सुटले, मे महिन्यात उरलेले दोन. गणिताच्या पहिल्या पेपरात, जिथे आधी 40 ची उंबरठ्यावरची रेघही गाठता आली नव्हती, तिथे 63 गुण मिळाले.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले, अशी गोष्ट मला सांगता येणार नाही. दुसऱ्या वर्षी थर्मोडायनॅमिक्सची केटी बसली, म्हणजे तो विषय राहिला. शेवटच्या वर्षी कॅम्पस मुलाखतींच्या सूचनाफलकावर बहुतेक कंपन्यांची अट एकच असायची: दहावी, बारावी आणि पदवी सगळीकडे 60 टक्के, आणि शिक्षणात खंड नको. त्यामुळे मुलाखतीच्या खोलीपर्यंतही जाता आले नाही. 2010 साली पदवी घेतली, चाकणच्या एका लहान कारखान्यात दीड वर्ष तपासणी विभागात काढले, रात्री अभ्यास करून गेट ही प्रवेशपरीक्षा दिली आणि एम.टेक. केले. आज मी वाहनांच्या सुट्या भागांतल्या कंपनांचे विश्लेषण करतो. नोकरी बदलताना प्रत्येक वेळी '2006 साली काय झाले?' असा प्रश्न येतो, आणि दोन वाक्यांत खरे उत्तर दिले की पुढचा प्रश्न कामावरच येतो, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

मला सांगायचे आहे ते एवढेच की, आपण ज्या विषयात नापास होतो त्या विषयात बहुतेकदा नापास झालेलो नसतो. त्याच्या तीन-चार वर्षे आधी कुठेतरी उधारी राहिलेली असते. नापास झालेला मुलगा मात्र लाजेपायी पुढेच पळतो, क्लास लावतो, गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन बसतो. आठवीचे पुस्तक काढायला लागणारा निगरगट्टपणा मला गुरुजींमुळे आला. इतरांना तो कशामुळे आला, किंवा वेगळ्याच वाटेने काम झाले का, हे वाचायला आवडेल.

---

खडूची पूड

वरिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षे गणित शिकवत आहे, त्यामुळे धागाकर्त्यांनी वर्णन केलेले खोडलेले एक्स मी दर वर्षी शेकड्याने पाहतो. या चुकीचे मूळ शाळेत आहे हे आम्हालाही दिसते, परंतु प्रथम वर्षाचा अभ्यासक्रम सत्रात संपवायचा असल्यामुळे आम्ही त्यावर लाल शाईने गोल करतो आणि पुढे जातो. यात आमचा दोष नाही असे मी म्हणणार नाही.

नापास मुलांना धीर देताना सर्रास गणितज्ञ रामानुजन यांचे उदाहरण दिले जाते, त्याबद्दल मला थोडे लिहायचे आहे. कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात त्यांची शिष्यवृत्ती गेली, पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयातून ते एफ.ए.च्या (साधारण आजच्या बारावीच्या पातळीच्या) परीक्षेत अनुत्तीर्ण झाले, आणि तरीही 1918 साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हे सगळे खरे आहे. परंतु ते गणितात नापास झाले नव्हते. गणिताच्या पायी इतर विषयांकडे पाहिले नाही म्हणून नापास झाले होते. आपल्यासमोर बसलेल्या मुलाची अडचण नेमकी याच्या उलट असते. त्याला रामानुजन सांगितले की तो घटकाभर खुलतो आणि दुसऱ्या दिवशी जिथे होता तिथेच असतो, कारण त्या उदाहरणात त्याने करण्यासारखे काहीच नसते.

करण्यासारखी एक गोष्ट मात्र मी सुचवतो. विद्यापीठे शुल्क घेऊन उत्तरपत्रिकेची छायाप्रत देतात. मुले ती मागवतात ती पुनर्मूल्यांकनात दोन-चार गुण वाढतील या आशेने, आणि गुण वाढले नाहीत की फेकून देतात. खरे तर आपल्याला उपलब्ध असलेले रोगनिदानाचे इतके स्वस्त साधन दुसरे नाही. गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी आपली छायाप्रत घेऊन आली. पहिल्या प्रश्नाला तिने साडेतीन पाने दिली होती, त्यातली अडीच पाने आडव्या रेघांनी खोडलेली होती. पाचवा आणि सहावा प्रश्न, जे तिला तोंडी येत होते, ते तिने उघडलेलेही नव्हते. तिला गणित येत नाही अशी तिची स्वतःची आणि घरच्यांची खात्री झालेली होती. प्रत्यक्षात एकच सवय आड येत होती: आलेला प्रश्न सुटेपर्यंत पुढे जायचे नाही, ही शाळेत शाबासकी मिळवून देणारी सवय. हिवाळी परीक्षेपूर्वी आम्ही घड्याळ लावून सहा पेपर सोडवले. ती उत्तीर्ण झाली. म्हणजे प्रत्येकाची उधारी आठवीतलीच असते असे नाही, पण ती नेमकी कुठली आहे हे आधी कागदावर पाहावे लागते, या मुद्द्याशी मी सहमत आहे.

---

मोजपट्टी

धागा उत्तम आहे, तरीही एक अप्रिय मुद्दा मांडतो. असे धागे नेहमी बाहेर पडलेलेच काढतात. माझ्या वर्गात वायडी लागलेले अकरा जण होते. त्यांपैकी चौघांनी पदवी पूर्ण केली, बाकीच्यांची नावेही आता कोणाला आठवत नाहीत. त्यांच्यात जिद्द कमी होती असे मला अजिबात वाटत नाही. एकाला घरची पिठाची गिरणी सांभाळावी लागली, एकाच्या बहिणीचे लग्न होते आणि पुढच्या वर्षाच्या शुल्काचे पैसे त्यात गेले.

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ सर जॉन गर्डन यांची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. ईटन शाळेत जीवशास्त्रात 250 मुलांत ते शेवटचे आले, शिक्षकांनी 1949 च्या प्रगतिपुस्तकात त्यांच्या शास्त्रज्ञ होण्याच्या इच्छेची टर उडवली, आणि 2012 साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले; ते प्रगतिपुस्तक चौकट करून त्यांनी आपल्या टेबलाजवळ लावले होते. एवढे सगळे सांगतात. मधला भाग कोणी सांगत नाही. ऑक्सफर्डमध्ये त्यांचा प्रवेश अभिजात भाषांसाठी झाला होता, तिथून प्राणिशास्त्राकडे वळण्यासाठी विज्ञानाची पायाभूत परीक्षा देणे भाग होते, आणि त्यासाठी त्यांच्या आईवडिलांनी वर्षभर खासगी शिक्षकाचे पैसे भरले. धागाकर्त्यांच्या गुरुजींनी पैसे घेतले नसतील, पण जुलै ते मे हे अकरा महिने घरात बसून शाळेची पुस्तके वाचू देणारे घर त्यांना मिळाले, ही सुद्धा एक मोठी रक्कमच आहे.

---

आल्याचे वाफे

मोजपट्टी, तुमचा आक्षेप मान्य. त्या वर्षी आल्याला बरा भाव मिळाला होता, हे मी मूळ लेखनात लिहायला हवे होते. भाव पडलेला असता तर मी ओसरीऐवजी पुण्यातल्या एखाद्या गोदामात असतो. गुरुजींनी पैसे घेतले नाहीत. दर रविवारी त्यांच्या परसातले लाकूड फोडून द्यायचे, एवढे त्यांनी स्वतःहून ठरवून दिले, बहुधा माझा संकोच जावा म्हणून.

---

सातबारा

मोजपट्टी यांनी बहिणीच्या लग्नाचा उल्लेख केला आहे, म्हणून त्या बहिणीच्या बाजूने लिहिते.

मी बारावी कला शाखेत इंग्रजीत नापास झाले. गुण होते 29. बाकीच्या सगळ्या विषयांत उत्तीर्ण होते. मुलगा नापास झाला की 'पुन्हा बसेल' म्हणतात. माझ्या बाबतीत त्याच आठवड्यात 'आता बघायला सुरुवात करू' असे ठरले, आणि पुढच्या वैशाखात लग्न झाले. सासरी पाच वर्षे मी ते गुणपत्रक ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवले होते.

धाकट्या मुलाला अंगणवाडीत घातले तेव्हा हाताशी रोजचे दोन-अडीच तास आले. गावातल्या एका शहाण्यासुरत्या माणसाने 17 नंबरचा फॉर्म भरायला सांगितले. मी विचारपूस केली तेव्हा कळले की तो अर्ज शाळा सुटलेल्यांनी बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी असतो. ज्याने एकदा परीक्षा दिलेली आहे त्याने आपल्या मूळ महाविद्यालयातूनच पुनर्परीक्षार्थी म्हणून अर्ज करायचा असतो, आणि उत्तीर्ण विषयांची सूट घेऊन राहिलेल्या विषयापुरतेच बसता येते. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण खेड्यात मिळणाऱ्या फुकट सल्ल्यांत अर्धे वर्ष सहज जाते.

इंग्रजीचा अभ्यास मी केला तो मुलाच्या पहिलीच्या पुस्तकापासून, त्यामुळे धागाकर्त्यांचे आठवीचे बीजगणित वाचून हसू आले. माझी उधारी फार जुनी होती. मला इंग्रजी वाक्य वाचता येत असे, पण त्यात कर्ता कुठला आणि क्रियापद कुठले हे ओळखता येत नसे. मी आख्खे निबंध चित्रासारखे पाठ करून आले होते. चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाने रोज एक इंग्रजी वाक्य लिहायचे आणि स्वयंपाक होईपर्यंत त्याचे प्रश्नार्थक, नकारार्थी, भूतकाळी असे सगळे प्रकार तोंडाने करायचे, हा माझा वर्ग. सासूबाई आधी रागावल्या, नंतर त्याच 'आज भिंत कोरी कशी?' असे विचारू लागल्या. दुसऱ्या खेपेला 47 गुण मिळाले.

पुढे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले. 1989 साली नाशिकला स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र तालुक्याच्या गावी होते, संपर्कसत्रे रविवारी असत, आणि पाठ्यपुस्तके स्वतः वाचून समजतील अशा बेताने लिहिलेली असल्यामुळे शेतावर बसून वाचली तरी चालत. या पदवीला लोक नाक मुरडतात, परंतु तलाठी पदाच्या जाहिरातीत मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी एवढीच अट होती, आणि राज्यसेवा किंवा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेलाही पदवीची टक्केवारी कोणी विचारत नाही. आज मी तलाठी आहे. माझ्या नावापुढच्या पदवीत बारावीचे 29 कुठेही दिसत नाहीत. ते मलाच दिसतात, विशेषतः साहेबांपुढे इंग्रजी पत्र वाचायची वेळ येते तेव्हा.

---

वर्कशॉप

दहावीला 47 टक्के मिळाल्यामुळे मी तंत्रनिकेतनात गेलो आणि डिप्लोमा संपवून थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीत आलो. थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचा पहिल्या वर्षाचा गणिताचा पाया राहून जातो, त्यामुळे आमची पहिली गाठ थेट एम-थ्रीशी, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपराशी पडते, आणि लाप्लास ट्रान्सफॉर्म पाहून निम्मी डिप्लोमावाली मुले हाय खातात. मीही पहिल्या प्रयत्नात गेलोच.

मला बाहेर काढले ते अदलाबदलीने. बारावीकडून आलेल्या एका वर्गमित्राला गणित उत्तम येत होते, पण लेथवर उभा राहिला की त्याचे हात कापत आणि मशीन ड्रॉइंगचा छेद त्याला दिसतच नसे. तो मला रोज तासभर गणित शिकवत असे आणि मी त्याला साबणाची वडी ब्लेडने कापून छेददृश्य दाखवत असे. ज्याला आपल्याकडून काही हवे आहे त्याला आपला बावळट प्रश्न विचारायला लाज वाटत नाही, हे मला तेव्हा कळले. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांनी हे करून पाहावे; त्याला पैसे लागत नाहीत.

---

अबोली

इथे वाचक म्हणूनच येते, आज प्रथमच लिहिते आहे. माझा मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि त्याचे चार विषय राहिले आहेत. निकाल लागून वीस दिवस झाल्यावर आम्हाला कळले. तोवर 'अजून लागला नाही' असे तो सांगत होता. दिवसा झोपतो, रात्री जागतो, जेवण खोलीत मागतो. यजमानांचे म्हणणे आहे की अभियांत्रिकी सोडवून बी.एस्सी.ला घालावे. दिरांचे म्हणणे आहे की चांगला क्लास लावावा. तो स्वतः काहीच म्हणत नाही. त्याच्याशी कुठून बोलायला सुरुवात करावी?

---

खडूची पूड

अबोलीताई, शाखा बदलण्याचा आणि क्लासचा निर्णय तूर्त पंधरा दिवस बाजूला ठेवावा, अशी विनंती आहे. झोप उलटी झाली आहे, जेवण वेगळे झाले आहे आणि तो बोलत नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या असताना आधी तब्येतीकडे पाहिले पाहिजे. 14416 हा शासनाच्या टेलि-मानस सेवेचा विनामूल्य क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते. आपण स्वतः फोन करून 'मुलाशी कसे बोलावे' हे विचारले तरी चालते. जिवाचे काही बरेवाईट करण्याची भाषा त्याच्या तोंडी आली तर क्षणभरही थांबू नये, त्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे.

निकाल वीस दिवस लपवला याचा जाब सध्या मागू नये. इतकी वर्षे शिकवून माझी अशी समजूत झाली आहे की निकाल लपवणारी मुले आळशी नसतात. घरच्यांचा चेहरा कसा होईल याचा विचार ती परीक्षेच्या आधीपासून करत असतात.

---

नेकारकाठ

मी जर्मनीत श्टुटगार्टला शिकलो आणि आता तिथेच नोकरी करतो. पुण्यातून बी.ई. करताना माझे एकूण सहा बॅकलॉग (राहिलेले विषय) होते. जर्मन विद्यापीठे आपल्याकडची टक्केवारी एका ठरलेल्या सूत्राने त्यांच्या श्रेणीत बदलतात, ज्यात 1 सर्वोत्तम आणि 4 काठावर असते, आणि माझी श्रेणी 3 च्या पलीकडे गेल्यामुळे पहिल्या वर्षी आठही अर्ज नाकारले गेले. दोन वर्षे पिंपरीत डिझाइनचे काम करून, त्या अनुभवाच्या जोरावर पुन्हा अर्ज केला तेव्हा एका ठिकाणी जागा मिळाली.

इथली एक गोष्ट या चर्चेत उपयोगी पडेल. आपल्याकडे केटी कितीही वेळा देता येते असे मनात धरूनच मुले परीक्षेला बसतात. इथे बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला साधारणपणे तीनच संधी असतात, आणि आवश्यक विषयात तिसऱ्यांदा नापास झाले की तो अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही पुढे चालू ठेवता येत नाही. त्याच्या बदल्यात, तयारी झाली नसेल तर मुदतीत नाव मागे घेण्याची मुभा असते आणि तो प्रयत्न मोजला जात नाही. पहिल्या सत्रात मी सहा विषयांना नाव घातले आणि चार मागे घेतले. पुण्यात मी सहाही दिले असते आणि त्यांतले चार घालवले असते. 'तयारी नाही' असे स्वतःशी लेखी कबूल करण्याचा तो अर्ज भरताना मला जेवढे वाईट वाटले तेवढे कुठल्या निकालाने वाटले नव्हते, पण ते दोन विषय मी नीट केले. आपल्या मुलांनी चार राहिलेले विषय एकाच हिवाळी परीक्षेत उडवायचा हट्ट धरू नये, एवढेच यावरून सुचवतो. कुठले दोन आधी, हे नियम वाचून ठरवावे.

---

मोजपट्टी

नियम वाचण्याच्या मुद्द्याला दुजोरा. माझ्या वेळी पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नसे, आणि ज्यांनी हे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वाचले ते तिथे पुन्हा एक वर्ष अडकले. विद्यापीठ आणि पॅटर्न बदलला की हे नियम बदलतात, त्यामुळे वरच्या वर्गातल्या मुलाचे ऐकू नये. परीक्षा विभागाचे परिपत्रक स्वतः डोळ्यांनी पाहावे.

---

अबोली

सर्वांची ऋणी आहे. आठवड्याभराने लिहिते आहे. 14416 वर मी दोनदा बोलले. क्लासचा विषय घरात बंद केला आहे. परवा रात्री दीड वाजता त्याच्या खोलीत दिवा दिसला, तेव्हा काही न विचारता चहा करून नेला आणि तिथेच बसले. बऱ्याच वेळाने तो आपणहून म्हणाला की उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची आहे, पण शुल्क मागायला धीर होत नव्हता. काल अर्ज भरला.

हा धागा मी त्याला वाचायला दिला होता. खोडलेल्या एक्सपाशी तो हसला आणि म्हणाला, "हे तर मीपण करतो." आज सकाळी धाकट्या बहिणीच्या कपाटातून तिचे नववीचे 'गणित भाग 1' नेले आहे. संच आणि वास्तव संख्या एका दिवसात झाल्या, बहुपदीपाशी अडला आहे. अडला हे त्याने स्वतः सांगितले, याचेच मला अप्रूप आहे. त्याचा प्रश्न असा आहे की भागाकार करताना मधले पद नसेल तर तिथे शून्य का लिहायचे.

---

आल्याचे वाफे

ताई, त्याला सांगा की 305 ही संख्या लिहिताना दशकाच्या घरात शून्य का लिहितो, हे आधी वहीच्या उजव्या बाजूला त्याच्या शब्दांत लिहून काढायचे. 305 म्हणजे तीन शतक, शून्य दशक, पाच एकक. तिथले शून्य गाळले तर 35 होईल. एक्सच्या घातांनाही अशीच आपापली घरे असतात. तेवढे लिहून झाले की त्या पानाचा फोटो इथे टाका, पुढचे उदाहरण मी देतो.